कार्बन क्रेडिटसाठी झाडं लावली तर छोट्या शेतकऱ्याच्या हातात काय पडतं?

एक कार्बन क्रेडिट म्हणजे हवेतून काढून घेतलेला, किंवा हवेत जायचा थांबवलेला, एक टन कार्बन डायऑक्साइड. एखादी कंपनी हे क्रेडिट विकत घेते आणि आपल्या उत्सर्जनाच्या हिशोबात त्याची वजावट दाखवते. वाढणारं झाड हवेतला कार्बन खोडात, फांद्यांत, मुळांत साठवतं, म्हणून झाडं लावणाऱ्यालाही क्रेडिट मिळू शकतं. इथपर्यंत सगळं सरळ आहे. गडबड होते ती पुढे. क्रेडिटचा भाव कानावर पडला की शेतकरी मनातल्या मनात त्याला झाडांच्या संख्येने गुणतो. गुणायचं असतं टनांनी, आणि झाडात टन फार सावकाश भरतात.

एका झाडात किती?

जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजतात आणि त्याला ३.१४ ने भागून व्यास काढतात. घेर ६३ सेंमी असेल तर व्यास साधारण २० सेंमी. व्यास, उंची आणि लाकडाची घनता या तीन आकड्यांवरून झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन काढायची समीकरणं आहेत. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेलं समीकरण त्यात बरंच वापरलं जातं.

व्यास २० सेंमी, उंची १२ मीटर, घनता ०.६ (घनसेंटिमीटरला ग्रॅम) धरली तर या समीकरणाने वजन येतं सुमारे १६० किलो. मुळांसाठी पाव हिस्सा वाढवला की २०० किलो. कोरड्या लाकडात ४७ टक्के कार्बन धरतात, म्हणजे ९४ किलो. कार्बनच्या एका भागाला ऑक्सिजन जोडून कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हा वजन ३.६७ पट होतं. म्हणून हे झाड भरतं जवळपास ३४५ किलोला. एका क्रेडिटसाठी अशी तीन झाडं लागतात.

आता तेच झाड निम्म्या व्यासाचं घ्या: १० सेंमी जाड, ८ मीटर उंच. उत्तर येतं फक्त ६० किलो. जाडी निम्मी आणि कार्बन जेमतेम सहावा हिस्सा. या एका गोष्टीवर पुढचं बहुतेक अर्थकारण अवलंबून आहे. झाडाची सगळी मेहनत आणि सगळा खर्च पहिल्या तीन वर्षांत होतो, कार्बन मात्र शेवटच्या वर्षांत साचतो.

एका हेक्टरचा हिशोब

खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. झाडाची जात, पाऊस आणि माती बदलली की ते बदलतील. पद्धत तीच राहील.

५ बाय ५ मीटरवर लावली तर हेक्टरात ४०० झाडं बसतात. दहा वर्षांनी त्यातली ३० टक्के मेलेली असतील असं धरू, उरली २८०. पाचव्या वर्षी ती सरासरी १० सेंमी आणि दहाव्या वर्षी २० सेंमी झाली, तर पाच वर्षांअखेर १७ टन आणि दहा वर्षांअखेर साधारण ९७ टन कार्बन डायऑक्साइड साठतो.

हे टन सगळे विकता येत नाहीत. झाडं लावल्यामुळे तिथली चराई किंवा जळणतोड शेजारच्या रानात सरकली असेल, तर तेवढी घट धरावी लागते. तिला गळती म्हणतात. ५ टक्के गळती धरू. मग पुढेमागे आग लागली, दुष्काळ पडला किंवा कुणी झाडं तोडली तर भरपाईसाठी काही क्रेडिट राखीव साठ्यात जातात. प्रकल्पाची जोखीम किती त्यावर हा हिस्सा ठरतो. आपण २० टक्के धरू. राहिली दहा वर्षांत ७३ क्रेडिट. त्यातली पहिल्या पाच वर्षांत फक्त १३, आणि ६० पुढच्या पाच वर्षांत.

क्रेडिट १५ डॉलरला विकलं गेलं आणि करारात शेतकऱ्याचा वाटा ६० टक्के असला, तर क्रेडिटमागे ९ डॉलर, म्हणजे दहा वर्षांत ६५७ डॉलर. पण ६० टक्के कशाचे? विक्रीच्या रकमेचे असतील तरच ९ डॉलर. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे असतील आणि प्रकल्पाचा खर्च क्रेडिटमागे ६ डॉलर असेल, तर हातात येतात ५.४० डॉलर, दहा वर्षांचे मिळून ३९४. करारातल्या एका शब्दाने चाळीस टक्के रक्कम गेली. म्हणून टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: विक्रीवर की नफ्यावर?

प्रत्यक्षात दोन्ही पद्धती चालतात. प्लॅन व्हिवो या प्रमाणपत्र व्यवस्थेत क्रेडिटच्या उत्पन्नातला किमान ६० टक्के हिस्सा सहभागी कुटुंबांना आणि गावांना जावा असा नियम आहे. नेदरलँड्समधल्या राबोबँकेचा एकॉर्न कार्यक्रम विक्रीच्या ८० टक्के रक्कम शेतकऱ्याला देतो. १९९९ मध्ये टांझानियात सुरू होऊन पुढे केनिया, युगांडा आणि भारतात पसरलेल्या टिस्ट या वृक्षलागवड कार्यक्रमात शेतकऱ्यांना ७० टक्के मिळतात, पण ते नफ्याचे. त्याशिवाय जिवंत झाडामागे वर्षाला दोन सेंट अशी उचल तिथे आधी दिली जाते. ७० टक्के नफ्याचा वाटा हा ६० टक्के विक्रीच्या वाट्यापेक्षा मोठा की लहान, ते खर्चाचा आकडा कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आता वेळेचा हिशोब. दहा वर्षांनी मिळणारे १०० डॉलर आजचे १०० नव्हेत. १० टक्के व्याजदर धरला तर त्यांची आजची किंमत ३९ डॉलरहून कमी भरते. आपले ११७ डॉलर पाचव्या वर्षी आणि ५४० दहाव्या वर्षी येणार आहेत, म्हणून ६५७ ची आजची किंमत होते सुमारे २८१ डॉलर. ज्याला सावकाराकडून २० टक्क्यांनी पैसे उचलावे लागतात त्याच्यासाठी ती १३४ वर येते.

मजुरीची बाजू पाहू. दिवसाला २५ खड्डे या वेगाने ४०० खड्ड्यांना १६ दिवस, रोपं वाहून आणून लावायला ६, दोन वर्षांत चार खुरपण्यांचे २०, पाणी आणि राखणीचे १०, नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला ४. झाले ५६ दिवस. २८१ ला ५६ ने भागा: दिवसाला ५ डॉलर. रोपांची किंमत, कुंपण आणि त्या जमिनीत येऊ शकलं असतं ते पीक अजून धरलेलंच नाही. चांगली पिकाऊ जमीन फक्त कार्बनसाठी झाडांखाली घालणं छोट्या शेतकऱ्याला क्वचितच परवडतं, ते यामुळे.

बांधावर मात्र चित्र वेगळं दिसतं. एक हेक्टरच्या चौकोनी शेताला ४०० मीटर बांध असतो. चार मीटरवर एक या हिशोबाने १०० झाडं, त्यातली ७० जगली तर वरच्याच दराने दहा वर्षांत १८ हून थोडी जास्त क्रेडिट, शेतकऱ्याला साधारण १६५ डॉलर. रक्कम लहान आहे, पण तिच्यासाठी पिकाखालची जमीन फारशी द्यावी लागत नाही. बांधावरच्या झाडाला दोन्ही बाजूंनी ऊन मिळतं, त्यामुळे ते दाट लागवडीतल्या झाडापेक्षा लवकर जाड होतं. सावली आणि मुळांची ओढ पिकाच्या पहिल्या दोन-तीन ओळींना लागते. ती छाटणीने आवरावी लागते.

मधला खर्च इतका का?

शेतकरी एकटा क्रेडिट विकू शकत नाही. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड किंवा प्लॅन व्हिवोसारख्या प्रमाणपत्र व्यवस्थेत प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. त्याआधी प्रकल्पाचा आराखडा लिहायचा, प्रत्येक शेताची सीमा जीपीएसने आखायची, मालकीची कागदपत्रं जमवायची आणि त्रयस्थ संस्थेकडून आराखडा तपासून घ्यायचा. मग दर काही वर्षांनी झाडं मोजायची आणि तीही पुन्हा त्रयस्थाकडून पडताळून घ्यायची. यातला बराचसा खर्च प्रकल्प लहान असो की मोठा, करावाच लागतो.

समजा पहिल्या पडताळणीला ४०,००० डॉलर लागले. अर्धा-अर्धा हेक्टरवाले ५०० शेतकरी असतील तर २५० हेक्टर, आणि पहिल्या पाच वर्षांची क्रेडिट सुमारे ३,२५०. पडताळणीचाच भार क्रेडिटमागे १२ डॉलरवर जातो. १५ डॉलरच्या भावात मग उरतं काय? तेच १०,००० शेतकरी असतील तर भार साठ-बासष्ट सेंटवर येतो. मोठ्या प्रकल्पात तपासनिसाचे दिवस वाढतात, म्हणून फरक इतका स्वच्छ राहत नाही. तरी दिशा हीच. छोट्या शेतकऱ्यांचे प्रकल्प हजारोंच्या संख्येने एकत्र बांधले जातात ते यासाठी. आणि म्हणूनच दोन-तीनशे शेतकऱ्यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या नव्या प्रकल्पाने मोठा वाटा कबूल केला, तर तो कुठून देणार हे विचारायला हवं.

पैसे आधी हवे, क्रेडिट नंतर

पहिल्या पाच वर्षांत १३ आणि पुढच्या पाचांत ६० क्रेडिट, तर सुरुवातीचा खर्च कोण करणार? एक मार्ग असा की झाडं पुढे वाढतील हे गृहीत धरून क्रेडिट आधीच विकायची आणि शेतकऱ्याला लवकर हप्ते द्यायचे. युगांडात २००३ पासून चालू असलेला ट्रीज फॉर ग्लोबल बेनिफिट्स हा प्रकल्प असाच चालतो. शेतकऱ्याला दहा वर्षांत पाच हप्ते मिळतात, आणि प्रत्येक हप्त्याआधी ठरलेली झाडं जगली आहेत का आणि पुरेशी वाढली आहेत का ते पाहिलं जातं. हातात पैसे वेळेवर येतात, पण शेवटच्या हप्त्यानंतरही झाडं उभी ठेवायची असतात आणि त्यासाठी पैसे उरलेले नसतात. शिवाय झाड वाढण्याआधी विकलेल्या टनावर खरेदीदाराचा विश्वास कमी असतो, भावही कमी मिळतो.

दुसरा मार्ग म्हणजे मोजल्यावरच विकायचं. क्रेडिट पक्कं, भाव बरा, वाट मात्र लांब. ती वाट निभावायला प्रकल्प रोपं फुकट देतो, उचल देतो आणि नंतर वाट्यातून कापून घेतो. उचल ही उधारी आहे हे बैठकीत स्पष्ट सांगितलं गेलं नाही तर पाचव्या वर्षी हिशोबाच्या कागदावर वजावट पाहून लोक भडकतात, आणि ते भडकणं योग्यच आहे.

तुम्ही नाहीतरी लावलीच असती ना?

या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे. क्रेडिट फक्त जादा कामाला मिळतं. कार्बनचे पैसे नसते तरी जी झाडं लागली असती त्यांना नाही. वर पाहिलंच की केवळ कार्बनच्या पैशावर झाड परवडत नाही. म्हणून शहाणा शेतकरी अशीच झाडं निवडणार ज्यांतून फळ, चारा, जळण किंवा लाकूड मिळेल. मग तपासनीस म्हणणार, झाड स्वतःच्या जोरावर परवडत होतं तर कार्बनचे पैसे कशाला?

सुटका असते ती अडथळ्यांत. दहा वर्षांनी फायदेशीर ठरणारं झाड आज लावलं जात नाही, कारण आज रोपाला पैसे नाहीत, चांगली रोपवाटिका जवळ नाही, कलम करणारा माणूस नाही, आणि तीन वर्षं उत्पन्नाशिवाय काढायची ताकद नाही. कार्बनचे पैसे हे खिंडार बुजवतात. आसपासच्या गावांत अशी लागवड खरोखरच होत नसेल तर दावा टिकतो. प्रत्येक बांधावर आधीपासून तेच झाड डोलत असेल तर टिकू नये.

व्हेराने २०२३ मध्ये आणलेल्या व्हीएम००४७ या पद्धतीत हा दावा शब्दांवर न सोडता मोजायची सोय केली आहे. सलग लागवडीसाठी प्रकल्पाबाहेरचे तशाच जमिनीचे तुकडे निवडतात आणि उपग्रहाच्या मदतीने तिथली हिरवळ किती वाढली ते पाहतात. तिथे आपोआप जेवढी झाडं वाढली तेवढी वाढ प्रकल्पाच्या आकड्यातून वजा होते. विखुरलेल्या आणि बांधावरच्या झाडांसाठी वेगळा मार्ग आहे: प्रत्येक लावलेल्या झाडाची गणना. छोट्या शेतकऱ्यांच्या प्रकल्पांना बहुधा हाच मार्ग सोयीचा पडतो, पण गणनेला माणसं लागतात आणि माणसांना मजुरी.

जागेबद्दलचीही अट आहे. गेल्या दहा वर्षांत नैसर्गिक जंगल तोडून मोकळी केलेली जमीन व्हेराच्या नियमात बसत नाही. क्रेडिटसाठी आधी जंगल साफ करायचं आणि मग रोपं लावायची, हा उद्योग रोखायला.

झाड तोडलं तर?

हवामानबदलाविषयीच्या क्योटो कराराखाली श्रीमंत देशांना विकसनशील देशांतल्या प्रकल्पांची क्रेडिट घेता यायची. त्या स्वच्छ विकास यंत्रणेत वृक्षलागवडीला तात्पुरती क्रेडिट दिली जायची. मुदत संपली की खरेदीदाराने त्यांच्या जागी दुसरी आणायची. ही कटकट कुणाला नको होती, युरोपच्या उत्सर्जन बाजाराने ती घेतलीच नाहीत, आणि तो धंदा फारसा वाढला नाही. राखीव साठ्याची पद्धत हे त्यावर शोधलेलं उत्तर. साठा आगीची आणि दुष्काळाची जोखीम वाटून घेतो. शेतकऱ्याने विचार करून झाड तोडलं, तर मात्र करारानुसार त्याचं पुढचं देणं थांबू शकतं किंवा घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात.

आणि तोडायचा मोह होणारच. आपल्या उदाहरणात दहा वर्षांत एका जिवंत झाडामागे कार्बनचे अडीच डॉलरही येत नाहीत. २० सेंमी व्यासाच्या १२ मीटर झाडात साधारण ०.१७ घनमीटर लाकूड असतं. बाजारात त्या खोडाला अडीच डॉलरहून जास्त मिळत असतील, तर ते उभं ठेवायला कार्बन पुरेसा नाही. प्रकल्पाने हे नाकारण्यापेक्षा हिशोबात धरलेलं बरं. तोडून पुन्हा लावायची योजना असेल तर व्हेराच्या नियमाने अनेक फेऱ्यांमधल्या सरासरी साठ्याइतकीच क्रेडिट मिळतात. कार्बन शेवटच्या वर्षांत साचत असल्याने ही सरासरी शिखराच्या निम्म्याहूनही कमी येते, आणि पहिल्या फेरीतच ती मर्यादा गाठली की नवी क्रेडिट बंद होतात. पण लाकडाचं उत्पन्न चालू राहतं. ज्याला लाकडाचा बाजार जवळ आहे त्याने कमी क्रेडिटचा हा करार मागावा. चाळीस वर्षं कुऱ्हाड न लावण्याचं वचन देऊन आठव्या वर्षी मोडण्यापेक्षा तो दोघांच्या फायद्याचा.

कुठे बिघडतं

सगळ्यात आधी रोपवाटिकेत. रोपं पावसाच्या सुरुवातीला हवीत. पाऊस अर्धा सरल्यावर पोचलेलं रोप मुळं धरायच्या आत कोरड सुरू होते. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गुंडाळी घेतात. ते पहिलं वर्ष तग धरतं आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्याने लवतं. पुढे राखण. शेळ्या आणि मोकाट गुरं एका रात्रीत सगळी ओळ खातात. वरच्या हिशोबात मर ३० ऐवजी ६० टक्के झाली तर क्रेडिट ७३ वरून ४२ वर येतात आणि मजुरी मात्र सगळी खर्च झालेली असते. म्हणून ४०० झाडं लावून नशिबावर सोडण्यापेक्षा २०० लावून त्यांना कुंपण करणं बहुतेकदा परवडतं.

एकाच झटपट वाढणाऱ्या जातीवर भर देण्यात आकडे छान दिसतात. पण एक कीड किंवा एक रोग आला की सगळं एकदम जातं, आणि कोरड्या भागात अशी झाडं विहिरीच्या पाण्यावर ताण आणतात.

मग कागद. दोन शेजाऱ्यांच्या जीपीएस सीमा एकमेकींवर चढल्या की तपासनीस दोन्ही शेतं बाजूला काढू शकतो. साध्या मोबाइलची चूक पाच-दहा मीटरची असते. अर्ध्या हेक्टरच्या तुकड्यात ती फार मोठी. सीमा चालत फिरून, कोपऱ्यावर थोडं थांबून आखावी आणि शेजाऱ्याला सोबत घ्यावं. तुकडा वडिलांच्या नावावर, कसणारा मुलगा आणि करारावर सही सुनेची असेल, तर पाचव्या वर्षी पैसे कुणाच्या खात्यात जाणार यावर घरात वाद पेटतो. खंडाने जमीन कसणाऱ्याची अडचण त्याहून मोठी आहे: झाडं वाढली की मालक जमीन परत मागतो.

सही करण्याआधी

कराराची प्रत आपल्या भाषेत आणि आपल्याकडे हवी. किंमत ठरावीक आहे की बाजाराबरोबर बदलणारी, बाजार पडला तर किमान भाव किती, पैसे मोजणीनंतर किती महिन्यांत, कोणत्या चलनात आणि कुणाच्या खात्यात, हे आकड्यांत लिहिलेलं असावं. प्रकल्प चालवणारी संस्था बंद पडली तर क्रेडिटचा हक्क कुणाकडे जातो हेही. दुष्काळात झाडं मेली तर दंड नाही, असं वाक्य शोधा. नसेल तर घालून घ्या. फळं, चारा आणि छाटणीची लाकडं शेतकऱ्याची, हे गृहीत धरू नका, लिहून घ्या. त्याच झाडांची क्रेडिट दुसऱ्या कुणालाही विकता येणार नाहीत, ही अट असतेच आणि ती योग्य आहे. पण जमीन विकली तर करार नव्या मालकाकडे जातो की जुन्याला पैसे परत करावे लागतात, याचं उत्तर बऱ्याच करारांत धूसर ठेवलेलं असतं. तीस-चाळीस वर्षांच्या करारात जमीन एकदा तरी हात बदलते किंवा भावांत वाटली जाते, म्हणून त्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.